जुन्या गाडीचे स्पार्क प्लग घरच्या घरी बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड गाडी दारात आली की आधी सीट कव्हर बदलतात, मग म्युझिक सिस्टिम. स्पार्क प्लगची, म्हणजे इंजिनमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणाऱ्या भागाची, आठवण होते ती सायनच्या सिग्नलला एसी चालू असताना गाडी थरथरायला लागली की. तेव्हा हे काम जमण्यासारखं आहे का, असा प्रश्न पडतो. बहुतेक गाड्यांत जमतं, तासाभरात जमतं. फक्त प्लग ज्या भोकात बसतो ते अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे एकदा गेले की दीडशे रुपयांच्या कामाचं हजारोंचं काम होतं. म्हणून खाली काही ठिकाणी आम्ही जरा जास्तच बारकाईने लिहिलं आहे.

माझ्या गाडीत प्लग किती असतात?

पेट्रोल आणि सीएनजी गाडीत साधारणपणे सिलिंडरमागे एक. अल्टो ८००, एक लिटरची वॅगन आर, क्विड, पेट्रोल टियागो यांत तीन. के-सिरीज १.२ लिटरची स्विफ्ट, आय-टेन, सँट्रो झिंग यांत चार. नॅनोत दोन, आणि तेही मागच्या बाजूला. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतातच. तिथे ग्लो प्लग असतात, त्यांचं काम वेगळं आणि काढायची पद्धतही वेगळी.

एक अपवाद मुद्दाम सांगायला हवा. २००३ ते २००८ दरम्यान विकलेल्या आय-डीएसआय होंडा सिटीत प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग असतात. पुढचे चार समोर दिसतात, मागचे चार फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूला दडलेले. अशी गाडी घेतली असेल तर मागचे चार आधीच्या मालकाने कधीच बदलले नसण्याची शक्यता बरीच, कारण अनेक गॅरेजवालेसुद्धा पुढचे चार बदलून मोकळे होतात.

प्लग गेलेत हे ओळखायचं कसं?

सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. उभ्या गाडीत मध्येच एक झटका बसतो, ज्याला मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात. पुलाच्या चढावर पिकअप मिळत नाही, अ‍ॅव्हरेज उतरतं, पीयूसीच्या वेळी हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. चेक इंजिन लाइट लागला असेल तर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी ०३०० आला तर ठरावीक एका सिलिंडरमध्ये नाही, कुठेही.

पण हीच लक्षणं कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), इंजेक्टर (इंधन फवारणारा), फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा बसलेल्या इंजिन माउंटिंगचीही असतात. सगळ्याच थरथरीचं खापर प्लगवर फोडू नका. लाइट लुकलुकत असेल, म्हणजे सतत न लागता चालू-बंद होत असेल, तर गाडी फार चालवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्याच्या किमतीत कित्येक वर्षांचे प्लग येतील.

किती किलोमीटरला बदलायचे?

गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो, तोच धरा. ढोबळमानाने साधे निकेलचे प्लग २० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचे ८० हजार ते एक लाख.

मुंबईत मात्र किलोमीटर पूर्ण गोष्ट सांगत नाही. घोडबंदर रोडला किंवा अंधेरी-कुर्ला रोडला दीड तासात दहा किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे प्लग त्या दीड तासभर ठिणग्या मारतच असतात. मीटर दहा किलोमीटरच मोजतो. म्हणून रोज अशा गर्दीतून जाणाऱ्या गाडीचे प्लग आकड्याच्या पाऊणपटीवर बदलावेत असं आमचं मत. आणि सेकंडहँड गाडीच्या मीटरवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. प्लग बदलल्याचं बिल हातात नसेल तर ते बदललेले नाहीत असंच धरून चाला.

दुकानात कोणता नंबर मागायचा?

पुस्तिकेतला. आत जे बसलेले आहेत त्यांचा नंबर हा पुरावा नाही, कारण आधीच्या मालकाला जे मिळालं ते त्याने बसवलेलं असू शकतं. एकाच इंजिनमधून दोन कंपन्यांचे तीन प्लग निघणं हे काही नवल नाही.

नंबर वाचता आला तर दुकानदार काय देतोय ते कळतं. उदाहरणार्थ एनजीकेचा बीपीआर६ईएस-११. यात बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं चिनी मातीचं नाक, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो त्याचा आकडा), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एस म्हणजे तांब्याचा गाभा असलेला साधा प्लग आणि ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप, ठिणगी जिथे उडते ती फट.

यातली लांबी सगळ्यात धोक्याची. लांब आट्यांचा प्लग आखूड भोकात घातला तर पिस्टन त्याला येऊन धडकू शकतो. आखूड प्लग लांब भोकात घातला तर ठिणगी आतल्या खोबणीत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी चढते. पुढे योग्य लांबीचा प्लग घालायला गेलात की तो त्या काजळीत अडकतो.

हीट रेंजमध्ये गंमत अशी की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की ‘गरम’. त्यामुळे ‘बॉशचा ७ नाही, एनजीकेचा ७ घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. रेझिस्टरचा आर नसलेला प्लगही नको. रेडिओत खरखर येते आणि ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, सिग्नलमध्ये गडबड होऊ शकते.

जुने मेकॅनिक अजून ‘मायकोचा प्लग’ म्हणतात. मायको म्हणजे १९५१ साली बेंगळुरूत सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. मायको मागितलात तर बॉश मिळेल, घाबरू नका.

इरिडियम घातले तर पिकअप वाढेल का?

नाही. घासलेला प्लग काढून नवा घातला की गाडी हलकी वाटते, मग नवा कोणताही असो. इरिडियमचा फायदा टिकण्याचा. तो धातू कठीण असल्यामुळे मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी सोडणारं टोक, बारीक ठेवता येतो आणि तरी तो लवकर झिजत नाही. ज्या गाडीत प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) सोडवावा लागतो तिथे ते पैसे वसूल होतात. अल्टोत प्लग समोर दिसतात, तिथे साधे घालून वेळेवर बदलणं स्वस्त पडतं. कंपनीने मुळात इरिडियम दिले असतील तर मात्र साध्यावर उतरू नका.

गाडी सीएनजीवर आहे. काही वेगळं?

बरंच. गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. गॅप झिजून रुंद झाली की पेट्रोलवर गाडी नीट चालते आणि गॅसवर टाकली की मिसिंग सुरू होतं. सीएनजी गाडीत प्लग म्हातारे झाल्याची ही सर्वात लवकर दिसणारी खूण. तसंच चालवत राहिलात तर वाढलेल्या व्होल्टेजचा ताण कॉइलवर येतो आणि प्लगबरोबर तीही जाते.

कंपनीची सीएनजी गाडी असेल तर त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला प्लग आणि गॅप पाळा. बाहेरून किट बसवलेलं असेल आणि साधे प्लग वापरत असाल तर गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणण्याची पद्धत आहे, आणि ती योग्य आहे. बदलायचा काळही पेट्रोलच्या मानाने लवकर धरा.

काम सुरू करण्यापूर्वी गॅसच्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. इंजिनवरून जाणारे गॅसचे पाइप किंवा इंजेक्टर रेल आड येत असतील तर ते सोडवू नका. तिथून पुढे ते काम गॅस किटवाल्याचं. वास आला तर बॉनेट उघडं ठेवून बाजूला व्हा.

प्लग आणि हत्यारं मुंबईत कुठे घ्यायची?

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसचा भाग आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. पान्यांसाठी मस्जिद बंदरची नागदेवी स्ट्रीट. कुर्ल्यात जुना मालही मिळतो. बाकी काहीही घ्या, प्लग मात्र जुना घेऊ नका.

बनावट प्लगचा सुळसुळाट आहे, आणि खोका हुबेहूब असतो. प्लग हातात घेऊन पाहा. चिनी मातीवरची छपाई नखाने खरवडून जाता कामा नये. आटे स्वच्छ कापलेले हवेत. वरून वाकलेला इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर यायला हवा, तिरका नको. वायसर बोटाने फिरावं पण सहज निसटून पडू नये. इरिडियमच्या नावाखाली जाड मधला इलेक्ट्रोड दिसला तर तिथेच परत करा. दुकानातून पक्कं बिल घ्या, मग वादाचा प्रश्न येत नाही.

हत्यारं कोणती लागतील?

प्लगचा गोटी पाना, म्हणजे आत रबर किंवा चुंबक असलेला खोल सॉकेट. माप आधी पाहा: बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटर, काही नव्यांना १४, जुन्यांना २१. रॅचेट, १५ आणि ७.५ सेंटिमीटरचं एक-एक एक्स्टेंशन, कॉइलच्या बोल्टसाठी १० चा पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर उत्तम. शिवाय वीतभर पेट्रोलचा रबरी पाइप, ज्याचं तोंड प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल. दहा-वीस रुपयांच्या या पाइपचं काम पुढे येईल. जुने प्लग क्रमाने ठेवायला अंड्यांचा ट्रे चांगला.

इंजिन गरम असताना काढले तर चालतात का?

चालत नाहीत. गरम अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं आणि त्याच्या आट्यांना स्टीलचा प्लग सहज ओरबाडतो. रात्री गाडी लावा, सकाळी बाहेर काढण्याआधी काम करा. पावसाळ्यात उघड्यावर करू नका, छपराखाली किंवा पोडियम पार्किंगमध्ये करा. स्टॅक पार्किंगच्या वरच्या मजल्यावर तर मुळीच नको, तिथून पडलेला बोल्ट खालच्या गाडीवर जाईल.

काढण्याची नेमकी पद्धत?

किल्ली काढून खिशात. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि आड येत असेल तर एअर फिल्टरचा पाइप सोडवा. पाइप काढलात तर उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा आणि ते नंतर काढायला विसरू नका.

आता कॉइल दिसतील, प्रत्येक प्लगवर एक. कनेक्टरची खिट्टी दाबून मगच ओढा, वायर धरून ओढू नका. दहा वर्षांच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. १० चा बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून चिकटलेलं रबर सोडवा, मग सरळ वर ओढा. जुन्या गाड्यांत कॉइलऐवजी जाड प्लग वायरी असतात. तिथे रबरी टोपी धरून ओढायचं, आणि एका वेळी एकच वायर काढायची. चारही काढून बसलात आणि क्रम चुकला तर गाडी एक तर सुरू होणार नाही किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजवेल. वायरीवर उंदरांनी दात मारलेत का हेही याच वेळी बघा. सोसायटीत उभ्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा.

कॉइल निघाली तरी लगेच पाना लावू नका. प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो ज्या खोल नळीच्या तळाशी बसतो तिच्यात, वर्षानुवर्षांची धूळ, वाळू, कधी कॉइलच्या रबराचा चुरा साठलेला असतो. प्लग निघाला की हे सगळं सिलिंडरमध्ये पडतं आणि भिंतीवर ओरखडे काढतं. सायकलचा पंप आणि बारीक नळी घेऊन हवा मारा, डोळे मिटून किंवा चष्मा घालून.

मग एक्स्टेंशनला गोटी लावून सरळ खाली उतरवा. सॉकेट पूर्ण बसला याची खात्री करा, तिरका बसला तर चिनी माती तडकते. रॅचेटला एकच ठाम झटका देऊन प्लग ढिला करा. पहिल्या अर्ध्या फेऱ्यानंतर तो हाताने फिरायला लागला पाहिजे.

प्लग हलतच नाही. काय करू?

थांबा. जोर वाढवू नका, पान्याला पाइप लावून लांबी वाढवणं तर नकोच. विहिरीत गंज सोडवणारं तेल थोडंसं सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग पाव फेरा सुटला की परत आठवा हिस्सा आवळा, पुन्हा सोडवा, तेलाचा थेंब टाका, असं मागे-पुढे करत काढा. करकर आवाज येत असेल तर काजळी आट्यांत दळली जातेय. तेव्हा परत आवळायच्या दिशेला जायचं, सोडवायच्या नाही. समुद्राजवळच्या गाड्यांत, वरळी काय नि वर्सोवा काय, प्लगचा षटकोनी भाग गंजून मापाने लहान झालेला असतो. तिथे १२ टोकांचा नाही, सहा टोकांचाच सॉकेट वापरा.

दोन दिवसांतही हलला नाही तर मशीन शॉपवाल्याला बोलवा. तुटला तर हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागू शकतं.

जुन्या प्लगवरून इंजिनची काय माहिती मिळते?

गाडी घेताना विक्रेत्याने सांगितलं नाही ते इथे लिहिलेलं असतं. म्हणून प्लग फेकण्याआधी सिलिंडरच्या क्रमाने ठेवा आणि उजेडात पाहा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे सगळं ठीक. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तो पांढुरका आणि कोरडा दिसतो, तेही ठीकच. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी फक्त घर ते स्टेशन अशी दोन किलोमीटर जाते आणि प्लग स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही.

ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑइल. आतल्या टोकावर ऑइल असेल तर वॉल्व्ह सील किंवा पिस्टनच्या रिंगा घासल्या आहेत. ही बातमी महागाची. पण ऑइल फक्त आट्यांच्या वर, विहिरीत असेल तर ते टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा प्लग ट्यूबच्या सीलमधून उतरतंय. ती दुरुस्ती स्वस्त आहे. घाबरलेला माणूस या दोहोंत गल्लत करतो आणि त्याच्या गळ्यात पूर्ण इंजिनचं काम पडतं. फरक लक्षात ठेवा: कुठे ओलं आहे ते बघायचं, किती ओलं आहे ते नंतर.

पेट्रोलचा वास मारणारा ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे जास्त तापलाय: हवा जास्त, पेट्रोल कमी, चुकीची हीट रेंज किंवा कूलिंगची तक्रार. नाकाची चिनी माती तुटलेली असेल तर प्लग आधी हातातून पडला असेल, नाहीतर इंजिन ठोकत असेल. चिनी मातीच्या बाहेरच्या भागावर, धातूच्या कडेपाशी तपकिरी कडं दिसलं तर ते उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेल्या तेलकट धुळीचं असतं, गळती नव्हे.

एकच प्लग बाकीच्यांहून वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधा. सगळे सारखेच खराब असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेत, म्हणजे हवा, पेट्रोल किंवा कूलिंगमध्ये.

विहिरीत सुकलेला चिखल किंवा सगळ्या कॉइलच्या स्प्रिंगांना एकसारखा गंज दिसला तर ही गाडी कधीतरी पाण्यात उभी होती का, याची चौकशी करा.

नव्या प्लगची गॅप तपासावी लागते का?

कंपनीतून सेट होऊन येतात, पण खोका दुकानात दोनदा पडलेला असतो. म्हणून तपासा. फीलर गेजची पट्टी थोडी अडत सरकली पाहिजे. गॅप जास्त असेल तर बाजूचा वाकलेला इलेक्ट्रोड लाकडी पाटावर हलकेच टेकवून मिटवा. कमी असेल तर गेजच्या खाचेत धरून तोच बाहेरून उचला. मधल्या इलेक्ट्रोडला काहीही टेकवून तरफ लावू नका. इरिडियममध्ये तर त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, लगेच तुटतं. तिथे माप चुकीचं निघालं तर प्लग दुकानात परत द्या.

बसवताना किती आवळायचं?

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर.

नवा प्लग विहिरीत वरून सोडू नका. गॅप मिटते. रबरी पाइपच्या तोंडात प्लगचं वरचं टोक घाला, प्लग खाली उतरवा आणि पाइप बोटांनी फिरवा. आधी अर्धा फेरा उलटा, म्हणजे आटे एकमेकांत बसल्याची बारीक टक जाणवते, मग सुलटा. प्लग तिरका लागला तर पाइप त्याच्यावर घसरतो आणि पुढे फिरत नाही. पान्याला ही अक्कल नसते, तो तिरका प्लगही आत घालतो. निदान चार-पाच फेरे पाइपनेच गेले पाहिजेत.

वायसर टेकेपर्यंत हाताने आणा. मग टॉर्क रेंच: १४ मिलिमीटरच्या आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्यांना १५ ते २०, १० मिलिमीटरच्यांना १० ते १२. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिलिमीटरच्या नव्या वायसरच्या प्लगला टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच जुना प्लग परत घालत असाल तर वायसर आधीच चपटं झालेलं असतं, म्हणून फक्त बारावा हिस्सा. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा हिस्सा पुरे. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पंचवीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचा जोर लावला की २५ न्यूटन-मीटर होतात. पूर्ण अंगाचा भार नाही.

ढिला राहिला तर काय? प्लग आपली उष्णता मुख्यतः आट्यांतून आणि बैठकीतून हेडला देतो. ढिल्या प्लगला ती वाट मिळत नाही, तो तापतो, कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, फुसफुसत बाहेर येतं आणि शेवटी प्लग उडून आटे सोबत घेऊन जाऊ शकतो. त्यामुळे भीतीने कमी आवळणंही बरोबर नाही.

कॉइल परत बसवताना रबरी टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी बाहेर ठेवतं आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही. कॉइलचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे टेकल्यावर जेमतेम.

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) किंवा ग्रीस लावू का?

नव्या प्लगला नको. बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंज टाळणारा मुलामा असतो आणि एनजीकेसारख्या कंपन्या अँटी-सीझ नको असंच सांगतात. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क लावला तर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

पॉलिश पेपरने घासून तेच प्लग परत घातले तर?

एक-दोन आठवड्यांची सोय म्हणून ठीक. पण ठिणगीला धारदार कड लागते. घासून काजळी जाते, गोल झालेली कड परत येत नाही. शिवाय कागदाचे कण आत अडकून नंतर सिलिंडरमध्ये पडतात. इरिडियमला पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

एकच खराब आहे. एकच बदलू?

सगळे बदला. बाकीचेही तेवढेच चाललेले असतात.

पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली. प्लगचा संबंध आहे?

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे दर पावसाळ्यात हे होतं, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा जवळपास सगळ्या उपनगरांत झालं. पाणी बॉनेटपर्यंत आलं असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवून ठेवा आणि मगच सेल्फ मारा. पाणी प्लगच्या भोकांतून कारंज्यासारखं बाहेर येईल, तोंड वर धरून बघत बसू नका. सीएनजी गाडीत हा उद्योग घरी नको. नंतर ऑइल दुधाळ झालंय का पाहा. झालं असेल तर गाडी टो करून न्या.

पाणी फक्त विहिरीत शिरलं असेल, उदाहरणार्थ बॉनेट उघडून जोराच्या फवाऱ्याने धुतल्यामुळे, तर हवा मारून वाळवलं की मिसिंग बहुधा जातं.

ठिणगी पडते का हे प्लग हेडला टेकवून, सेल्फ मारून बघितलं तर?

जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांच्या जमान्यातली ही पद्धत. आजच्या कॉइलमध्ये तीस-चाळीस हजार व्होल्ट तयार होतात, अर्थिंग चुकलं तर कॉइल किंवा ईसीएम जातो, आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. त्याऐवजी अदलाबदल करा. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावा आणि स्कॅनर पाहा. मिसिंगचा कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी.

प्लग बदलले, तरी मिसिंग आहे.

आधी स्वतःचं काम तपासा. कनेक्टर टक वाजेपर्यंत बसला का, कॉइल तळापर्यंत गेली का, एअर फिल्टरचा पाइप नीट बसला का, आतलं फडकं काढलं का. मग वरची अदलाबदल. कॉइल निर्दोष निघाली तर इंजेक्टर, मग कम्प्रेशन. कम्प्रेशन टेस्ट भोक उघडं असतानाच होते, त्यामुळे गॅरेजला न्याल तेव्हा प्लग काढायचेच आहेत हे सांगा, दोन्ही कामं एकदम होतील.

आटे गेले. आता?

घाबरून दुसरा प्लग जबरदस्तीने घालू नका. प्लग न घालता इंजिन फिरवू नका. हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) किंवा बुश बसवून आटे परत तयार होतात. चांगला कारागीर पिस्टन खाली घेऊन, टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस लावून कीस बाहेर काढतो आणि हेड न उतरवताही हे करतो. कीस आत गेल्याचा संशय असेल तर मात्र हेड उतरवायला सांगा.

जुने प्लग लगेच टाकून देऊ का?

महिनाभर ठेवा, सिलिंडरचा नंबर मार्करने लिहून. काही तक्रार निघाली तर मेकॅनिकला दाखवायला उपयोगी पडतात. नंतर भंगारवाल्याला द्या.